‘सिटिझन अँड फिशमाँगर’ म्हणजे मासेविक्या नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. मूळच्या नागपूरच्या, आता लेस्टरला राहणाऱ्या एका ताईंच्या इंग्रज सासूबाईंच्या ट्रंकेत चर्मपत्राचा एक तुकडा निघाला. साल १७८४. त्यावर घराण्यातल्या एका पूर्वजाचं नाव आहे, त्यापुढे ‘सिटिझन अँड फिशमाँगर ऑफ लंडन’ असं बिरूद आहे, आणि ‘फ्रीडम विकत घेण्यासंबंधीच्या’ कुठल्याशा वहीत त्याची नोंद झाल्याचा उल्लेख आहे. घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की हा माणूस घड्याळजी होता. शिवाय चुलत सासरे ठामपणे म्हणतात की लंडन शहराने त्याचा मोठा सत्कार केला होता. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: तो मासे विकायचा की घड्याळं करायचा? हा हक्क त्याने पैसे मोजून घेतला की मानाने मिळवला? आणि यावरून त्याच्या वडिलांचं नाव-गाव सापडेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोहोंची उत्तरं त्याच वाटेवर आहेत. बहुधा सापडेल. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये बाहेरगावाहून आलेल्या माणसाचं मूळ गाव शोधायला याच्याइतका चांगला कागद क्वचितच मिळतो. पण तुमच्या हातात आहे ती नुसती पावती. खरा माल दप्तरात आहे.

आधी सत्काराचं बघू. नाही, सत्कार नव्हता. लंडनच्या जुन्या तटबंदीच्या आसपासचा, साधारण एक चौरस मैलाचा भाग म्हणजे ‘सिटी’. तिथे स्वतःच्या नावाने दुकान थाटायचं तर माणूस सिटीचा फ्रीमन असावा लागे. किरकोळ विक्रीवरची ही अट थेट १८५६ पर्यंत टिकली. फ्रीडम म्हणजे त्या हद्दीत धंदा करण्याचा आणि नगराच्या कारभारात भाग घेण्याचा हक्क. आज मोठ्या लोकांना ‘फ्रीडम ऑफ द सिटी’ देतात, लंडन ब्रिजवरून मेंढ्या हाकत नेण्याचे फोटो छापून येतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की आपल्या पणजोबांनीही काही पराक्रम केला असणार. मानाने दिलेलं फ्रीडम वेगळं, आणि हजारो दुकानदार-कारागिरांनी रीतसर घेतलेलं वेगळं. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं. चुलत सासऱ्यांना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता ‘विकत घेण्याची’ भानगड. त्या काळच्या चर्मपत्रांवरचा मजकूर साच्यातला असतो. अमुक महापौरांच्या कारकिर्दीत, अमुक चेंबरलेनसमोर (म्हणजे सिटीच्या खजिनदारासमोर) शपथ घेतली, आणि ‘फ्रीडम विकत घेण्याच्या व फ्रीमन दाखल करण्याच्या’ अमुक अक्षराच्या वहीत नोंद झाली. हे शब्द सगळ्यांच्याच पत्रावर असतात, ते वहीचं नाव आहे. त्यावरून तुमच्या माणसाने दाम मोजले असं ठरत नाही. मी नवीन होते तेव्हा एका कुटुंबाला याच शब्दांवरून ‘तुमचा पूर्वज पैसेवाला असणार’ असं लेखी सांगून बसले होते. पुढे मूळ कागद पाहिला तर पोरगा सात वर्षं उस्तादाच्या दुकानात राबून फ्रीमन झालेला. जाता जाता: १७८४ च्या पत्रावर चेंबरलेन म्हणून जॉन विल्क्सचं नाव असायला हवं, तो १७७९ पासून १७९७ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर होता. हाच तो विल्क्स, राजावर टीका केली म्हणून ज्याला तुरुंगात टाकलं होतं. संग्राहक अशा पत्रांना चांगले पैसे देतात. विकू नका म्हणजे झालं.

फ्रीमन होण्याच्या नेहमीच्या वाटा तीन. पहिली ‘सर्व्हिट्यूड’, म्हणजे उमेदवारी: फ्रीमन असलेल्या उस्तादाकडे करार करून किमान सात वर्षं काम शिकायचं. दुसरी ‘पॅट्रिमनी’, म्हणजे वारसा: वडील फ्रीमन झाल्यानंतर जन्मलेल्या औरस अपत्याला तो हक्क मागता येई. तिसरी ‘रिडेम्प्शन’, म्हणजे खरोखर रक्कम भरून. तिन्ही वाटांनी आधी एखाद्या लिव्हरी कंपनीत, म्हणजे धंदेवाल्यांच्या संघात, प्रवेश घ्यायचा आणि मग तिथून सिटीच्या चेंबरलेनकडे जायचं, असा क्रम होता. कंपनीला वगळून थेट फ्रीडम घेण्याची सोय १८३५ पासून झाली. त्यामुळे त्यानंतरच्या पूर्वजाच्या नावापुढे कंपनी नसली तर गोंधळू नका.

कंपनी म्हणजे गिल्ड. आपल्याकडचा जुना शब्द ‘श्रेणी’. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवल्याचा, दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि हजारावर पाऊण टक्का व्याज ठरल्याचा उल्लेख आहे. तेव्हा कल्पना आपल्याला परकी नाही. पण तिथेच आपली फसगत होते. सोनार, तांबट, शिंपी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धंदा आणि जात एकदमच उभी राहते. मग ‘फिशमाँगर’ वाचलं की कोळी घराणं, ‘गोल्डस्मिथ’ वाचलं की सोनार, असा हिशेब आपण नकळत करतो. लंडनच्या कंपनीला रोटी-बेटी नव्हती. श्रॉपशरच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि लंडनच्या वकिलाचा मुलगा एकाच उस्तादाकडे शेजारी शेजारी बसून एकाच कंपनीत येत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, लंडनचा रिवाज असा होता की माणूस एकदा फ्रीमन झाला की त्याने कंपनीच्या नावाचाच धंदा करावा असं बंधन साधारणपणे नसे.

इंग्लंडात छपाई आणणारा कॅक्स्टन मर्सर्स कंपनीचा, म्हणजे कापडवाल्यांचा. गळ टाकून बसण्याच्या छंदासाठी ज्याचं नाव आजही घेतात तो आयझॅक वॉल्टन धंद्याने लिननचं कापड विकणारा, आणि १६१८ मध्ये फ्रीमन झाला तो आयर्नमाँगर्स म्हणजे लोखंडवाल्यांच्या कंपनीतून. मासे, कापड, लोखंड यांचा एकमेकांशी काय संबंध? काहीच नाही.

तेव्हा तुमचा घड्याळजी फिशमाँगर कसा झाला याची दोन सरळ उत्तरं संभवतात. एक तर त्याचे वडील त्या कंपनीत होते, आणि त्याने वारशाने नाव घेतलं. नाहीतर त्याचा उस्ताद घड्याळजीच होता, पण कागदोपत्री फिशमाँगर. असा उस्ताद शिष्य घेई तो घड्याळं शिकवायला, पण बांधून घेई स्वतःच्या कंपनीत. तो शिष्य पुढे आपले शिष्य घेई. चार पिढ्यांनी त्या कंपनीत घड्याळजींची एक वेलच तयार होई, आणि त्यांतल्या एकाचाही माशाशी संबंध नसे. घड्याळवाल्यांची स्वतःची क्लॉकमेकर्स कंपनी १६३१ पासून होतीच, पण सगळे घड्याळजी तिच्यात गेले नाहीत. उलट त्या कंपनीच्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या वह्यांत टोप्या, फिती, लेस विकणाऱ्या मिलिनर बायका आणि त्यांच्याकडे बांधलेल्या मुली भेटतात. सोनारांची आणि औषधवाल्यांची कंपनी आपापल्या धंद्याला बरीच चिकटून राहिली, पण तिथेही नुसत्या नावावर पैज लावू नये.

तुमच्या घरातली आठवण आणि कागद एकमेकांविरुद्ध बोलत नाहीत. दोन्ही खरं असू शकतं.

आता कामाला लागू. त्र्यंबकेश्वरला आपण गाव आणि आडनाव सांगतो, गुरुजी बरोबर ती वही काढतात. लंडनला कंपनी आणि साल सांगावं लागतं, आणि ती दोन्ही तुमच्याकडे आहेत. पहिली पायरी सिटीचे प्रवेश-कागद. १६८१ पासूनचे हे कागद लंडन अर्काइव्ह्‌जमध्ये महिन्यावार गठ्ठ्यांत आहेत. पूर्वी या दप्तरखान्याला लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्ह्‌ज म्हणत, २०२४ मध्ये नाव बदललं. (तो आहे क्लार्कनवेलमध्ये, जिथे एके काळी गल्लोगल्ली घड्याळजी बसत.) १६८१ च्या आधीचं बहुतेक सगळं गिल्डहॉलच्या, म्हणजे सिटीच्या नगरभवनाच्या, १७८६ च्या आगीत गेलं, त्याला इलाज नाही. उरलेल्याच्या प्रतिमा अँसेस्ट्री संकेतस्थळावर आहेत. इंग्लंडमधल्या पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांत ते फुकट पाहता येतं, लेस्टरला तुमच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा.

उमेदवारीने आलेल्या माणसाचा प्रवेश-कागद म्हणजे बहुधा त्याचा मूळ करारनामाच असतो. त्यात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, परगणा, वडिलांचा व्यवसाय, उस्तादाचं नाव, त्याची कंपनी, शिकवण्यासाठी दिलेली रक्कम, तारीख, सगळं एका पानावर. वडील वारले असतील तर तसं लिहिलेलं असतं, आणि मग गावच्या दफनवहीत कुठवर शोधायचं त्याची मर्यादा आयती मिळते. करारनाम्याच्या पाठीवर फ्रीडम दिल्याचा शेरा असतो. नवखी माणसं पहिली प्रतिमा उतरवून घेऊन थांबतात. पुढची प्रतिमाही उघडा, पाठ तिथे असते. वारशाने आलेल्याच्या कागदात वडिलांची कंपनी आणि ते केव्हा फ्रीमन झाले ते कळतं, की लगेच त्या सालच्या गठ्ठ्यात वडिलांचा कागद काढायचा. अशा उड्या मारत मी एकदा एका दुपारीत चार पिढ्या मागे गेले आहे. रिडेम्प्शनचे कागद मात्र पुष्कळदा त्रोटक असतात.

एक सावधगिरी. करारनाम्यातलं गाव हे वडील त्या वेळी राहत होते ते गाव. मुलगा तिथेच जन्मला असेल असं नाही. बाप्तिस्मा तिथे सापडला नाही तर आजूबाजूच्या पाच-सात पॅरिश (चर्चच्या हद्दी) पाहा. आणि ‘जेंटलमन’ किंवा ‘योमन’ (स्वतःची जमीन असलेला शेतकरी) हे शब्द वडिलांनी स्वतःच सांगितलेले असतात. मुलाला चांगल्या ठिकाणी चिकटवताना कोण बाप स्वतःला कमी सांगेल?

दुसरी पायरी कंपनीचं दप्तर. बहुतेक लिव्हरी कंपन्यांच्या जुन्या वह्या गिल्डहॉल लायब्ररीत पाहायला मिळतात. मर्सर्स, ड्रेपर्स, गोल्डस्मिथ्स, क्लॉथवर्कर्स यांसारख्या काही कंपन्या आपलं दप्तर स्वतः सांभाळतात. याच चार कंपन्यांपासून सुरू झालेली ‘रोलको’ नावाची एक फुकट सूचीही महाजालावर आहे. तिच्यात आधी नाव टाकून पाहा, पण नाही मिळालं म्हणून हताश होऊ नका, सगळ्या कंपन्या तिच्यात नाहीत.

कंपनीच्या दप्तरात लोक उमेदवारीची वही पाहतात आणि निघून जातात. मला स्वतःला ‘क्वार्टरेज’च्या वह्या जास्त आवडतात. सभासदाने दर तिमाहीला द्यायची वर्गणी म्हणजे क्वार्टरेज. वर्षानुवर्षं एकेका माणसाच्या नावापुढे टिंबं, पैसे, कधी पत्ता. पत्ता बदलला की कळतं दुकान हललं. वर्गणी थकायला लागली की कळतं दिवस फिरले. आणि नाव थांबलं की त्या सुमारास मृत्यू शोधायचा, किंवा माणूस परदेशी गेला. त्यानंतर कारभारी मंडळाच्या इतिवृत्तांत विधवेचा मदतीचा अर्ज निघतो, कधी कंपनीच्या धर्मशाळेत जागा मागणारा. जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींत माणसाच्या नुसत्या तारखा मिळतात. या वह्यांत त्याची भाडी, थकबाकी आणि भांडणं मिळतात.

भांडणांवरून आठवलं. या कंपन्यांना मानाच्या क्रमाचं भयंकर वेड. १५१५ मध्ये क्रम ठरवला गेला, त्यात फिशमाँगर्स चौथे. स्किनर्स आणि मर्चंट टेलर्स यांच्यात सहावं कोण आणि सातवं कोण यावरून इतकं पेटलं होतं की १४८४ मध्ये महापौरांनी निवाडा दिला: आलटून पालटून. आजही ते दरवर्षी जागा बदलतात. पुण्यात मानाच्या गणपतींच्या मिरवणुकीचा क्रम पाहत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी पायरी मुद्रांक कराची. १७१० ते १८११ या काळात उस्तादाला मिळालेल्या रकमेवर सरकार कर घेई: पन्नास पौंडांपर्यंत पौंडाला सहा पेन्स, त्यावर पौंडाला एक शिलिंग. त्या वह्या लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्‌जमध्ये आहेत. सुरुवातीच्या नोंदींत वडिलांचं नाव असतं, १७५२ च्या सुमारानंतर ते बहुधा गाळलेलं. तुमचा माणूस १७८४ मध्ये फ्रीमन झाला, तो उमेदवारीच्या वाटेने आला असेल तर करार १७७७ च्या आसपासचा किंवा थोडा आधीचा, म्हणजे इथे बाप मिळण्याची आशा कमी. पण उस्तादाचं नाव आणि रक्कम मिळेल. कर उशिरा भरलेला असू शकतो, म्हणून पुढची काही वर्षंही चाळा. दानधर्मातून बांधलेल्या गरीब मुलांवर कर नव्हता, ती इथे दिसायची नाहीत.

खरा धंदा सिद्ध करायला कंपनीच्या बाहेर जावं लागेल. सन फायर ऑफिस या आग-विमा कंपनीच्या अठराव्या शतकातल्या वह्या लंडन अर्काइव्ह्‌जमध्ये आहेत. विमा उतरवणाऱ्याला कंपनीचं बिरूद चालत नसे. घरात लाकूड किती, भट्टी आहे का, माल कसला, हे पाहून हप्ता ठरे, म्हणून तिथे प्रत्यक्ष व्यवसाय लिहिलेला असतो. मृत्युपत्रात माणूस स्वतःला मानाने ‘सिटिझन अँड फिशमाँगर’ म्हणवून घेतो आणि चार ओळींनंतर ‘माझी घड्याळाची हत्यारं मुलाला’ असं लिहितो. त्या चार ओळींपर्यंत वाचत जा.

इथे माझी एक फजिती सांगते. एकाच कंपनीत, नऊ वर्षांच्या अंतराने दाखल झालेल्या, एकाच नाव-आडनावाच्या दोन माणसांना मी जवळजवळ दोन वर्षं एक समजत होते. दोघंही लंडनचेच, दोघांच्याही बायका मेरी. शेवटी सह्यांनी वाचवलं: एक जण आडनावातलं शेवटचं अक्षर लांब ओढायचा, दुसऱ्याला सही येतच नव्हती, तो फुली मारायचा. तेव्हापासून मी प्रत्येक सहीचा फोटो वेगळा काढून ठेवते.

मागे मागे जाल तसं आणखी एक लक्षात ठेवा: १७५२ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. फेब्रुवारी १७१० असं लिहिलेलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७११. कारकुनी लॅटिनही १७३३ पर्यंत आडवं येऊ शकतं. पण मोडी वाचायला शिकलेल्या माणसाला ठरावीक साच्यातलं लॅटिन म्हणजे फार मोठा डोंगर नाही.

बायकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण घड्याळजीच्या बायकोचं पुढे काय झालं हा प्रश्न येणारच. फ्रीमनच्या विधवेला पुनर्विवाह करीपर्यंत नवऱ्याचं दुकान आणि त्याचे उमेदवार पुढे चालवता येत. मुलीही उमेदवारीला बांधल्या जात, काही स्वतः फ्रीडम घेत. नवऱ्याचं नाव वहीतून गेल्यावर तिचं नाव पाहा. दारं सगळ्यांना उघडी मात्र नव्हती. १७३१ मध्ये सिटीच्या आल्डरमन (वरिष्ठ नगरसेवक) मंडळाने कृष्णवर्णीयांना उमेदवार म्हणून घेऊ नये असा हुकूम काढला, आणि ज्यूंना फ्रीडमचा रस्ता १८३० मध्ये मोकळा झाला. पूर्वज वहीत नाही म्हणजे तो शहरात नव्हता असं म्हणू नये. सिटीच्या हद्दीबाहेर, म्हणजे वेस्टमिन्स्टर, स्पिटलफील्ड्‌स किंवा खुद्द क्लार्कनवेलमध्ये, या हक्काशिवाय आयुष्य काढणारे कितीतरी होते.

लंडनबाहेरच्या शहरांचे नियम वेगवेगळे. ब्रिस्टलला फ्रीमनच्या मुलीशी किंवा विधवेशी लग्न केलं तरी हक्क मिळे, म्हणून तिथल्या नोंदींत सासऱ्याचं नाव सापडतं. यॉर्कची फ्रीमनांची यादी १२७२ पासूनची आहे. लँकेशरच्या प्रेस्टनमध्ये दर वीस वर्षांनी ‘गिल्ड’ नावाचा सोहळा भरतो आणि त्या वेळी हक्कदारांची नावं मुलांसह पुन्हा लिहितात. १३९७ पासूनचे पट शिल्लक आहेत. १९४२ चं गिल्ड युद्धामुळे १९५२ ला भरलं, पुढचं २०३२ ला. कुलवृत्तांत दर वीस वर्षांनी सरकारी खर्चाने छापला जावा, तसं हे आहे. काही शहरांत फ्रीमनला संसदेसाठी मत असे, त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर फ्रीमनांचं पीक येई. डरहॅमला १७६१ मध्ये इतके बनवले की १७६३ मध्ये कायदाच करावा लागला: दाखल होऊन वर्ष झालं नसेल तर मत नाही. एखाद्याच्या प्रवेशाची तारीख मतदानाच्या आधीच्या आठवड्यात पडत असेल तर त्याच्या कर्तबगारीबद्दल फार भरून येऊ देऊ नका.

मुंबईच्या जुन्या कागदांत काम करणारे पुष्कळ जण मला ‘फ्री मर्चंट’ दाखवून विचारतात की हा लंडनचा फ्रीमन का? नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत नसलेला, पण तिच्या परवान्याने मुंबईत किंवा सुरतेत स्वतःचा व्यापार करणारा तो ‘फ्री मर्चंट’. त्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात. तुमच्या सासरचं कुणी मुंबईला आलं होतं असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, तेव्हा हा शब्द दिसला तर गिल्डहॉलच्या वाटेला जाऊ नका.

आता एवढं करा. चर्मपत्र सरळ करायला इस्त्री फिरवू नका, पुस्तकाखालीही दाबू नका. चर्मपत्र म्हणजे कातडी आहे, उष्णतेने आक्रसतं. खिडकीपाशी तिरप्या उजेडात पुढून आणि मागून फोटो काढा, वहीचं अक्षर आणि तारीख स्पष्ट दिसेल असा एक जवळून घ्या. सासूबाईंना विचारा, हा कागद ट्रंकेत सुटा होता की एखाद्या छोट्या डबीत. डबी असेल तर तिचं झाकण आतून पाहा. आणि फ्रीडमची तारीख मला कळवा, १७८४ चा कुठला महिना ते कळलं की गठ्ठा कुठला काढायचा ते सांगते.